तिसऱ्या मजल्यावरचा साप

भोईरताई हरल्या त्या दिवशी मी पेढे वाटले होते. आमच्या ऑफिसात पेढे वाटायला बढतीपासून बाळंतपणापर्यंत कुठलंही कारण चालायचं, पण एखादी बाई कॉम्प्युटरवरच्या खेळात हरली म्हणून पेढे, हे पहिल्यांदाच घडलं. सगळ्यांनी हसत खाल्ले. ताईंनीही अर्धा खाल्ला आणि उरलेला रुमालात बांधून घेतला. आज त्या पेढ्यांची आठवण झाली की मला माझीच शिसारी येते. म्हणून हे लिहायला बसलो आहे.

बेलापूरच्या एका सरकारी इमारतीत तळमजल्यावर आमचा अभिलेख कक्ष होता. अभिलेख कक्ष म्हणजे जुने कागद ठेवायची खोली, पण सरकारात खोलीलाही पद द्यावं लागतं. यमुना भोईर तिथे वरिष्ठ लिपिक होत्या. बुटक्या, सावळ्या, कडक खळीची सुती साडी, अंबाड्यात अबोलीचा तुकडा आणि दोरीला लटकवलेला चष्मा. राहायला सारसोळे गावात. साहेबांशी बोलताना त्यांची भाषा परिपत्रकासारखी शुद्ध असायची आणि चिडल्या की थेट खाडीवरची. मी साताऱ्याकडचा, बदली होऊन त्यांच्या हाताखाली आलो तेव्हा त्यांनी माझ्याकडे पाहून एवढंच विचारलं, "अक्षर कसंय तुझं?"

"बरं आहे."

"बरं म्हंजे वाईट. बस."

ताईंना कागद पाठ होते. गावठाणातला एखादा म्हातारा दारात उभा राहून चाचरत आजोबांचं नाव सांगायला लागला की ताई विचारायच्या, "घर कनचं? पिंपलाजवलचं काय?" तो हो म्हणेपर्यंत त्या उठलेल्या असत. सरळ रॅकपाशी जायचं, वरून चौथा गठ्ठा ओढायचा, फाईल काढून टेबलावर ठेवायची. नोंदवही त्या फक्त सही घेण्यापुरती उघडत. बाकी आम्ही सगळे नोंदवहीत बोट फिरवून, जांभया देऊन, चहा पिऊन मग ‘उद्या या’ म्हणणारे. ताईंनी कुणाला ‘उद्या या’ म्हटलेलं मी ऐकलं नाही.

मला त्यांनी एकच काम नीट शिकवलं, कागदांची वर्गवारी. कायमचे जपायचे कागद ‘अ’ वर्गात आणि वर्षभराने फाडून टाकायचे ते ‘ड’ वर्गात, मधे ‘ब’ आणि ‘क’. फाईलच्या कोपऱ्यात ते एक अक्षर लिहिलं की पुढे कुणी उघडून बघत नाही. त्यावरच फाईल राहते किंवा जाते. ताई म्हणायच्या, "‘अ’ लिवायला अक्कल लागत नाय. ‘ड’ लिवताना मात्र दोनदा वाच. फाडलेला कागद परत येत नाय."

आता त्या खेळाचं.

ऑफिसात पहिल्यांदा कॉम्प्युटर आले तेव्हा ते बसवायला आलेल्या माणसाने कुठलासा खेळ आत टाकून ठेवला होता. हिरव्या पागोट्याचा एक बुटका माणूस नऊ मजल्यांचा किल्ला चढतो, प्रत्येक मजल्यावर एक किल्ली शोधतो, साप, दगड आणि पहारेकरी चुकवतो आणि शेवटी वर जाऊन घंटा वाजवतो. बस्स. त्या माणसाचं नाव ताईंनी बारक्या ठेवलं होतं. मी रुजू झालो तेव्हाच त्या खेळाला बरीच वर्षं झाली होती आणि कीबोर्डवरच्या बाणांच्या चारही बटणांवरचे बाण पुसून गेले होते.

दीडला जेवणाची सुट्टी. आठ मिनिटांत ताईंचा डबा संपायचा, तांदळाची भाकरी आणि सुकट किंवा करंदी. मग हात धुऊन, चष्मा चढवून त्या बसायच्या आणि दोनला दोन मिनिटं कमी असताना बारक्या घंटा वाजवायचा. रोज. खेळताना तोंड चालू. "आता दम धर रं. तिसऱ्याव साप हाय. एक, दोन, आला बग जल्ला. मार उडी." साप बिळातून बाहेर यायच्या आधीच तो येणार हे त्या सांगायच्या. तो बरोबर तेव्हाच यायचा आणि ताई लहान मुलीसारख्या खूश व्हायच्या. जणू सापाने त्यांचं ऐकलं.

मी पहिल्याच आठवड्यात शहाणपणा केला. "ताई, तोच खेळ, तोच साप. कंटाळा नाही येत?"

"तुला तुजी बायको रोज दिसते. कंटाला येतो काय?"

आजूबाजूचे हसले. मी म्हटलं, तसं नाही, खेळात पुढे काय होणार हे कळलं की मजा संपते ना.

ताईंनी बारक्याला सातव्या मजल्याच्या कठड्यावर सुरक्षित उभा केला आणि माझ्याकडे वळल्या. "पयल्यांदा खेलले ना, तवा नुसती भीती. साप कुटून येल, दगड कुटून पडंल. भीतीत कसली मजा रं? पाठ झालं की भीती जाते, मंग खेल सुरू होतो. तुमी लोक भीती संपली की बोलता खेल संपला."

हे बोलणं मला तेव्हा अडाणीपणाचं वाटलं. मी दर महिन्याला मोबाईलवर नवा गेम उतरवायचो, दहा-पंधरा दिवस डोळे फोडायचो आणि पुसून टाकायचो. ताईंचा किल्लाही मी हट्टाने आठवड्यात सर केला आणि त्यांना सांगितलं, "झाला. संपवला." त्यांनी विचारलं, "संपवला म्हंजे काय? देवीचं दर्शन झालं म्हनून देऊल पाडतोस काय?" उत्तर नसलं की मी हसतो, तसा हसलो.

पुढे जुने कॉम्प्युटर मोडीत काढायचा आदेश आला. ताईंनी एक टिपणी लिहिली. सदर संगणकावर जुन्या अभिलेखांची सूची असून ती नवीन प्रणालीत स्थलांतरित झालेली नाही, सबब सदर संगणक कक्षात ठेवणे कार्यालयीन हिताचे आहे. सूची खरंच होती, चार पानांची. ती ताईंना पाठ होती आणि तिच्याकडे आयुष्यात कुणी पाहिलं नव्हतं. साहेबांनी ‘मान्य’ लिहून सही केली. टिपणी परत आली तेव्हा ताईंनी ती माझ्यापुढे ठेवली आणि म्हणाल्या, "खोटं एक अक्षर हाय काय बग." नव्हतं. सरकारी मराठीचा एवढा निरागस उपयोग मी नंतर पाहिला नाही.

एकदा मी त्यांच्यावर लेखही लिहिला होता. आमच्या कर्मचारी संघटनेचा दिवाळी अंक निघायचा, त्यात. मला तेव्हा लेखक व्हायचं होतं. मी लिहिलं की या बाईच्या वाडवडिलांची शेती शहराखाली गेली, म्हणून ती रोज दुपारी एक किल्ला जिंकते, तो किल्ला म्हणजे तिची हरवलेली जमीन, वगैरे वगैरे. लोकांनी फार वाखाणला. दोघांच्या डोळ्यांत पाणी आलं म्हणे. ताईंनी अंक वाचला, घडी घातली, माझ्या टेबलावर आपटला.

"माज्या बापाची जमीन तुज्या लेखात कशी काय आयली? मी विचारलं तुला? मना खेल आवडतो म्हनून खेलते. बाईला काय आवडलं की त्याच्यामागं रडगानंच पायजे काय?"

आठ दिवस त्या माझ्याशी बोलल्या नाहीत. त्यांचं म्हणणं बरोबर होतं, पण मी आपला मनातल्या मनात ‘या लोकांना साहित्यातलं काय कळतं’ म्हणत राहिलो.

आणि मग तो दिवस. दुपारचा पावणेदोनचा सुमार. मी फायली लावत होतो. ताईंचा आवाज नेहमीसारखा चालू होता आणि एकदम थांबला. वळून पाहिलं तर बारक्या आडवा. तिसऱ्या मजल्यावर, सापासमोर. ताई पडद्याकडे बघत होत्या. मग म्हणाल्या, "यानं जागा बदलली."

"कुणी?"

"सापानं. हितं नव्हता तो."

साप तिथेच होता. तो किती वर्षं तिथेच होता हे आम्हा सगळ्यांना ऐकून ऐकून माहीत झालं होतं. पण तो विचार कुणाच्या डोक्यात शिरला नाही. कक्षात आरडाओरडा झाला. ताई हरल्या! मी तसाच बाहेर पळालो आणि स्टेशनसमोरून पेढे घेऊन आलो.

त्यानंतर त्या वरचेवर हरायला लागल्या. कधी तिसऱ्यावर, कधी पाचव्यावर. एकदा तर पहिल्या मजल्यावरच बारक्याला भिंतीकडे तोंड करून उभा ठेवून त्या बराच वेळ बसून राहिल्या. तोंड चालायचं बंद झालं. मग त्यांनी डबा झाल्यावर खेळायचंच सोडलं. विचारलं तर म्हणाल्या, "कंटाला आला असंल." असंल! स्वतःच्या कंटाळ्याबद्दल कुणी अंदाजाने बोलतं का? हे मला तेव्हाच खटकायला हवं होतं. मी मात्र सगळ्यांना सांगत फिरलो की बघा, शेवटी माझंच खरं झालं. तेच तेच करून माणूस कंटाळतोच.

दोनेक वर्षांनी सारसोळ्याचाच एक म्हातारा आपल्या प्लॉटच्या प्रकरणाची फाईल मागायला आला. ताईंच्या गावचा, ओळखीचा. ताई उठल्या, रॅकपर्यंत गेल्या आणि तिथे उभ्या राहिल्या. मग परत येऊन खुर्चीत बसल्या आणि त्याला म्हणाल्या, "उद्या या."

मी चमकलो. पण ‘थकल्या असतील’ म्हणून सोडून दिलं. उद्या म्हातारा आला, परवा आला. मी नोंदवहीत शोधलं. ती फाईल ‘ड’ वर्गात गेली होती. कोपऱ्यात ताईंच्या सुंदर अक्षरात ‘ड’ लिहिला म्हणून आम्ही कुणी उघडून पाहिली नव्हती आणि मागच्याच महिन्यात रीतसर पंचनामा करून त्या गठ्ठ्याचे तुकडे झाले होते. म्हाताऱ्याच्या बापाच्या अंगठ्याचा मूळ कागद त्यात होता. त्याच्या हक्काचा तेवढा एकच पुरावा. म्हातारा ओरडला नाही. ताईंकडे बघून म्हणाला, "यमुने, तू तरी?"



साहेबांनी मला आत बोलावलं. कारणे दाखवा नोटीस काढायची. मसुदा मी करायचा, कारण मसुद्यात माझा हात चांगला. तो चांगला कुणी केला हे साहेबांना माहीत नव्हतं. मी म्हणू शकलो असतो की साहेब, बाई आजारी वाटतात, आधी डॉक्टरांना दाखवू या. म्हटलं नाही. खरं सांगतो, तेव्हा सुचलंच नाही. आणि सुचलं असतं तरी म्हटलं असतं असं छातीवर हात ठेवून सांगता येत नाही, कारण त्यांच्या जागेवर पुढे माझाच नंबर होता.

मी लिहिलं, आपल्याकडून झालेली चूक ही गंभीर स्वरूपाची असून. कागद त्यांच्याच हातात द्यायचा होता, पोच घ्यायची होती. ताईंनी चष्मा चढवला. पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचलं. मग टेबलावरचं लाल पेन उचललं, माझे दोन ऱ्हस्वदीर्घ सुधारले आणि ‘चूक’ या शब्दाखाली रेघ मारली.

"‘कसूर’ लिव. चूक कोनाची पन होते. नोटिसीत चूक लिवली की मानूस सुटतो."

"ताई, राहू दे ना तसंच."

"तसंच कसं? माज्या हाताखालचा मसुदा हाय. लोक काय बोलतील?"

मी ‘कसूर’ लिहून नवी प्रत काढली. त्यांनी पोच म्हणून सही केली. तारीख टाकताना त्या थांबल्या आणि मला हळूच विचारलं, "आज काय वार?" मी तारीख सांगितली. त्यांनी वार विचारला होता. ते माझ्या लक्षात आलं, पण मी तेही सोडून दिलं.

नोटिशीला त्यांनी उत्तर दिलं ते एका ओळीचं. ‘मला आठवत नाही.’ साहेबांना तो उद्धटपणा वाटला. आख्ख्या ऑफिसात ते एकमेव खरं उत्तर होतं आणि त्यावर शेरा पडला, ‘उत्तर असमाधानकारक’. तोही मीच टंकला. निवृत्तीला दोन वर्षं उरलेली असताना ताईंनी स्वेच्छानिवृत्ती घेतली. निरोप समारंभ झाला नाही, कारण चौकशी प्रलंबित असलेल्या माणसाला शाल-नारळ द्यायला साहेब कचरत होते. शेवटच्या दिवशी ताईंनी डबा पिशवीत टाकला आणि दारापर्यंत जाऊन परत आल्या. मला वाटलं काही बोलतील. त्या मला म्हणाल्या, "बस कुटून सुटते रं?" एकवीस वर्षं त्या एकाच थांब्यावरून बस पकडत होत्या. मी त्यांना थांब्यापर्यंत सोडलं आणि घरी येऊन बायकोला म्हणालो, "ताईंना फार लागलंय गं मनाला." आम्हा लिहिणाऱ्यांना सगळं मनालाच लागलेलं दिसतं.

पुढे दीडेक वर्षाने त्यांच्या मुलीचा, सुजाताचा फोन आला. आईला विसरण्याचा आजार आहे, आता नक्की झालं. डॉक्टर विचारताहेत की हे पहिल्यांदा कधी जाणवलं. घरी तर आम्हाला अलीकडेच कळलं. "काका, तुमी तर रोज बरोबर असायचे. ऑफिसात कधी काय दिसलं काय?"

मला दिवस आठवत होता, वेळ आठवत होती. पावणेदोन. तिसरा मजला. त्या फाईलवर ‘ड’ पडण्याच्या कितीतरी आधी सापाने आम्हाला सांगितलं होतं आणि मी मिठाईवाल्याकडे धावलो होतो.

"आठवत नाही गं," मी म्हटलं. ताईंनी हेच उत्तर खरं दिलं होतं. मी खोटं दिलं.

साहेब बदलून गेले. ताईंच्या खुर्चीत मी बसलो. यंदा तो जुना कॉम्प्युटर अखेर मोडीत निघाला, कारण त्याच्या बाजूने टिपणी लिहिणारं कुणी उरलं नव्हतं. मी तो भंगारवाल्याकडून सोडवला, रिक्षात घातला आणि एका रविवारी सकाळी सारसोळ्याला घेऊन गेलो. मनात एक वेडी आशा होती. माणसं विसरली, वार विसरले, तरी बोटांना आठवत असेल. एवढी वर्षं रोज केलेली गोष्ट बोटं विसरतील कशी? शिवाय, आता लपवण्यात काय अर्थ, मला थोडी सुटकाही हवी होती. त्या एकदा खेळल्या असत्या, एकदा घंटा वाजली असती, तर मी रात्री नीट झोपलो असतो.

ताई पडवीत खुर्चीवर बसल्या होत्या. केस बारीक कापलेले. खळीची साडी जाऊन गाऊन आला होता. समोर सुपात करंदी सुकत घातलेली, तिच्यावर कावळे बसू नयेत म्हणून त्यांच्या हातात काठी दिली होती. मला पाहून हसल्या, पाहुण्याला पाहून हसतात तशा.

"आई, ऑफिसचे जाधव काका आयलेत," सुजाता म्हणाली.

"बसा," ताई म्हणाल्या. मला. बसा!

आम्ही कॉम्प्युटर लावला. पडदा उजळला, किल्ला आला, हिरव्या पागोट्याचा बारक्या पहिल्या मजल्यावर उभा राहिला. मी ताईंचा हात धरून त्या पुसलेल्या बटणांवर ठेवला. बोटं तिथे तशीच पडून राहिली. मी आशेने त्यांच्या तोंडाकडे पाहत होतो. त्या पडद्याकडे पाहत होत्या आणि त्यांच्या कपाळावर आठी पडत गेली.

"ह्यो कोन?"

"बारक्या आहे ताई."

"काय करतो?"

"वर जातो. तुम्ही न्यायचं त्याला."

"वरती काय हाय?"

मी सांगितलं की किल्ल्या आहेत, दगड आहेत, साप आहे. साप म्हणताच त्यांनी हात मागे घेतला आणि गाऊनमध्ये लपवला. "नको. मना भ्या वाटते." मग सुजाताकडे बघून केविलवाण्या आवाजात, "ह्ये नवीन कशाला आनलंव घरात?"

सुजाता आत निघून गेली. तिला रडू आलं असावं. बंद करायला हवं होतं, पण मी नेहमीप्रमाणे योग्य गोष्ट केली नाही. मी म्हटलं, "घाबरू नका, मी खेळतो, तुम्ही बघा." पहिला मजला झाला, दुसरा झाला. तिसऱ्याच्या पायरीवर मी बारक्याला थांबवलं.

"आता बघा. एक, दोन म्हणायचं, की इथून साप येतो."

"एक, दोन," मी म्हटलं आणि साप आला. मी उडी मारली. ताई दचकल्या, मग माझ्याकडे वळल्या. पहिल्यांदा त्यांनी मला नीट निरखून पाहिलं.

"तुमाला कसं म्हाईत?"

"पाठ आहे मला," बारक्याला चौथ्या मजल्यावर नेत मी म्हटलं. "तुम्हीच शिकवलंय."

ते दुसरं वाक्य त्यांच्यापर्यंत पोचलं नाही. त्या पडद्याकडे, मग माझ्याकडे, मग परत पडद्याकडे बघत राहिल्या. आणि अगदी मनापासून, उत्तर हवं असल्यासारखं त्यांनी विचारलं,

"सगलं पाठ हाय, मंग तुमाला कंटाला नाय येत?"

मी बटणांवरचा हात काढला. चौथ्या मजल्यावर दगड पडायला लागले होते. बारक्या मधोमध उभा होता.